बातमी न देणारा हात

आमच्या कारखान्यात कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात. आधीचे मास्तर पुरुष होते. ते थकले आणि त्यांच्या जागी माझी धाकटी जाऊ टेबलाशी उभी राहिली, तेव्हा एकाने तिला मास्तरीणबाई म्हणून बघितलं. ती लगेच म्हणाली, "मी कुणाची बायको आहे ते घरी. इथे मी मास्तर." तेव्हापासून मालकांपासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळे तिला मास्तरच म्हणतात. घरी आम्हाला ती धाकटी.

कारखाना म्हणजे एक लांब खोली. मधे शिलाई मशीनच्या रांगा, एका अंगाला इस्त्रीवाले, आणि इस्त्रीला लागूनच कटिंगचं टेबल. कामगारांचे निळे कोट आम्ही शिवतो, कधी दवाखान्यातले पांढरे अंगरखे. मी काजांच्या मशीनवर बसते. माझ्या जागेवरून टेबल समोरच दिसतं, म्हणून हे सगळं मी सांगू शकते.

कापायचं काम बघायला सोपं वाटतं. कापड थरावर थर पसरायचं, वर पुठ्ठ्याचा नमुना ठेवून खडूची रेघ मारायची आणि विजेवरचं उभ्या पात्याचं मशीन त्या रेघेवरून सगळ्या थप्पीतून चालवायचं. एका फेरीत ढीगभर बाह्या निघतात. चुकलं तर चूकही ढीगभर. शिवणाऱ्या बाईची चूक उसवता येते, मास्तरची येत नाही. म्हणून मास्तरचा मान मोठा आणि जीवही सदा मुठीत.

धाकटी मात्र जीव मुठीत धरणाऱ्यांतली नव्हे. ती पात्यावर वाकली की आजूबाजूचं जग तिच्यापुरतं बंद. आणि या वाकण्यातूनच सगळं सुरू झालं.

एक दिवस ती मशीन थांबवून म्हणाली, "याला करंट येतोय."

मान वाकवून पातं थप्पीत घातलं, की मानेपासून पाठीतून थेट पायांपर्यंत सणकन काहीतरी जायचं. मान वर केली की बंद. तिचा नवरा, म्हणजे माझे धाकटे दीर, वायरमन. सुट्टीच्या दिवशी ते टेस्टर घेऊन आले. मशीन उघडलं, झाडलं, वायर बदलली, स्वतः धरून बघितलं.

"वहिनी, मशीन ठणठणीत आहे," ते मला म्हणाले. बायकोला म्हणायची हिंमत नव्हती.

"मग मला काय होतंय? हौस आहे मला?" ती म्हणाली.

पायाखाली रबराची चटई आली. रबरी चपला आल्या. करंट जाईना. मग टेबलावरच्या मावशींनी धरून बघितलं. या मावशी धाकटीच्या हाताखाली कापड पसरायच्या, कापलेल्या तुकड्यांच्या जुड्या बांधायच्या. त्यांना काहीच लागलं नाही. इस्त्रीवाल्याने धरलं, त्यालाही नाही.

"मास्तरांनाच ओळखतो हो तो," इस्त्रीवाला म्हणाला. "आम्ही गरीब, आम्हाला कोण विचारतंय!"

सगळे हसले, धाकटीही हसली. भाऊजींनी तरी अर्थिंग पुन्हा तपासायला लावलं आणि मालकांशी त्यावरून तोंडातोंडी केली. मालक म्हणाले, सबंध कारखान्यात एकट्या मास्तरांना करंट लागतो हे मी आयुष्यात ऐकलं नाही. त्यांचं बरोबर होतं, पण ते कसं बरोबर होतं हे तेव्हा कुणालाच कळलं नाही.

कळलं ते घरी. सकाळी आंघोळ झाल्यावर आम्ही दोघी देवापाशी हात जोडतो, मग कामाला निघतो. मागणं वगैरे काही नसतं. आपलं डोकं जरा खाली करायचं, एवढंच. त्या दिवशी तिने मान वाकवली आणि "आई गं!" म्हणून भिंत धरली.

"काय झालं गं?"

"आला."

"कोण आला?"

"करंट. जाऊबाई, इथे पण आला."

देवापाशी वायर नाही, बटण नाही. ती म्हणाली, "म्हणजे बिचारं मशीन निर्दोष. मी उगाच त्याच्या नावाने शिव्या दिल्या."

मग तिने एकेक सांगायला सुरुवात केली. डाव्या हाताची बोटं कधीपासून जाड वाटतायत, मोजा घालून कापड चाचपावं तशी. उजव्या डोळ्याला लाल रंग धुतल्यासारखा फिका दिसतो, आणि डोळा फिरवला की आत दुखतं. इस्त्रीची वाफ अंगावर आली की समोरची रेघ पुसट होते. मी म्हटलं, "अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?" म्हणाली, "प्रत्येकाला काही ना काही कारण होतं. हात अवघडला असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, वाफेने धुरकट होत असेल. सगळ्याला मिळून एकच कारण असेल असं कुणाच्या मनात येतं?"

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या डॉक्टर वयाने आमच्यापेक्षा लहान, पण घाई नसलेल्या. त्यांनी तिला एका रेघेवरून चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली, पायाच्या बोटाला कंप पावणारा चिमटा लावून "कळतंय का" विचारलं. मग डोक्याचा आणि मानेचा स्कॅन झाला. त्या नळकांड्यातून बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "आपल्या सगळ्या मशीन एकदम चालू केल्या आणि मधे डोकं ठेवलं, तर हाच आवाज येईल. मला तर झोप लागत होती."

झोप लागत होती हे खोटं. तिचा हात गार पडला होता, मी धरला होता ना.

डॉक्टरांनी फोटो पडद्यावर लावला. करड्या मेंदूत ठिकठिकाणी पांढरे डाग, आणि मानेतल्या मज्जारज्जूत एक. मला ते कापडावर पाण्याचे थेंब पडावेत तसे दिसले. भाऊजींनी घसा खाकरला. "गाठ आहे का हो?"

"गाठ नाही," डॉक्टर लगेच म्हणाल्या. "ती भीती आधी काढून टाका. मेंदूतून निघणाऱ्या नसांवर एक आवरण असतं. कधी कधी शरीराचीच संरक्षण करणारी यंत्रणा चुकते आणि ते आवरण खरवडते. जिथे खरवडलं, तिथे फोटोत असा डाग दिसतो. ताई, तुम्ही मान वाकवता तेव्हा मानेतला हा डाग ताणला जातो आणि झटका लागल्यासारखं वाटतं."

भाऊजी खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे इन्सुलेशन गेलंय."

"अगदी तसंच."

"आतली तार शाबूत आहे ना?"

"बरीचशी असते. म्हणून तर वेळेवर लक्ष घालायचं."

"मग टेप मारल्यासारखं काही..."

"अहो!" धाकटी म्हणाली. "तुमच्या पोटमाळ्यावरची फिटिंग नाही ही."

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी नाव सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस, लोक नुसतं एम. एस. म्हणतात. असू शकेल, म्हणाल्या, पण आज शिक्का मारणार नाही. असे डाग दुसऱ्या कारणांनीही पडतात, त्यासाठी रक्ताच्या तपासण्या करू. पाठीतलं पाणी काढूनही बघता येतं, आत्ता नको म्हणत असाल तर थांबू. हे डाग सगळे एकाच वेळचे दिसतायत. पुढे नवा डाग आला, म्हणजे हे पुन्हा पुन्हा होतंय असं ठरेल आणि नाव देता येईल.

"म्हणजे आहे की नाही?" भाऊजींचा आवाज चढला.

"आज आहे म्हटलं तर ती घाई होईल, आणि नाही म्हटलं तर ते खोटं होईल."

धाकटीने विचारलं, "मला कापता येईल का?"

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मी समजावून सांगितलं. त्यांनी धाकटीचा हात हातात घेतला, बोटं दाबून बघितली. "ताकद चांगली आहे. स्पर्श कमी झालाय. औषधाने थोडा परत येईल, किती ते आत्ता सांगत नाही. पात्याशी काम करताना हाताकडे डोळ्यांनी बघत राहा, बोटांच्या भरवशावर राहू नका. आणि उकाड्यात काम नको. अंग तापलं की दिसायला त्रास होणार."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आजाराचं ते बघतील. माझं टेबल जाता कामा नये." तिने एवढंच धरून ठेवलं. आम्ही डागांवर अडकलो होतो, ती टेबलावर.

थोडे दिवस दवाखान्यात जाऊन सलाइनमधून औषध घेतलं. डोळा निवळला, लाल पुन्हा लाल दिसायला लागला. करंटही मंदावला. बोटं मात्र जाडच राहिली. रक्तात दुसरं काही सापडलं नाही. मधे काही महिने जाऊ द्यायचे आणि पुन्हा स्कॅन.

थांबणं हे तिच्यापेक्षा आम्हाला जड गेलं. घरात सगळे तिच्याशी काचेच्या भांड्याशी वागावं तसं वागायला लागले. सासूबाई तिला पाण्याचा हंडा उचलू देईनात. तिची मुलगी कॉलेजला जाताना दारातून मागे वळून बघायची. भाऊजींचं तर विचारूच नका. दर थोड्या वेळाने, "आता कसं वाटतंय?"

"तुम्ही मीटर बघायला येता का हो सारखे?" ती एकदा वैतागून म्हणाली. "रीडिंग बदललं की मी सांगेन."

मी काय केलं, तर देवाला म्हटलं, तुला जे करायचं ते कर, पण हिला धीर दे. मग बघितलं तर धीर तिच्याकडे होता, कमी पडत होता तो मलाच. तेव्हा मागणं बदललं.

कारखान्यात सांगायचं की नाही यावरून आमचं थोडं वाजलं. तिचं म्हणणं, अजून नाव नाही तर सांगू काय? माझं म्हणणं, पातं तुझ्या हातात आहे, लपवून चालवू नकोस. दोन दिवस ती माझ्याशी तुटक बोलली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच मालकांच्या खोलीत जाऊन सांगून आली. जाळीचा पोलादी हातमोजा मागितला. टेबल इस्त्रीपासून हलवून पलीकडच्या खिडकीशी न्यायला सांगितलं. मालकांनी दोन्ही दिलं. माणूस वाईट नाही, घाबरट आहे.

पण बातमी काही त्या खोलीत राहिली नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मास्तरांच्या डोक्यात डाग, संध्याकाळपर्यंत डोक्यात गाठ, आणि दुसऱ्या दिवशी एक बाई मला हळूच विचारते, "त्या माणसं ओळखतात ना अजून?"

"तुम्हाला ओळखतात," मी म्हटलं. "परवा नेलेली कात्री परत द्या म्हणाल्या."

मग आलं बाह्यांचं प्रकरण.

निळ्या कोटांची मोठी ऑर्डर होती. बाह्यांच्या जुड्या शिवणाऱ्या बायकांकडे गेल्या आणि थोड्याच वेळात पहिल्या रांगेतून हाक आली, "मास्तर, उजव्या बाह्या कुठायत?"

"त्यातच आहेत."

"नाहीत हो. ही डावी, हीपण डावी."

सगळ्या जुड्या सोडल्या. सगळ्या डाव्या. एकसुद्धा उजवी नाही.

हे कसं होतं ते सांगते. त्या निळ्या कापडाला सुलट बाजू आणि उलट बाजू असते. सुलट गुळगुळीत, उलट जराशी खरखरीत. बाहीचा नमुना एकच. म्हणून पसरताना एक थर सुलट वर, पुढचा सुलट खाली, असं तोंडाला तोंड लावून पसरायचं. मग त्याच कापण्यात एक डावी, एक उजवी निघत जाते. सगळे थर एकाच तोंडाने पसरले, तर सगळ्या बाह्या एकाच हाताच्या. आमच्या धंद्यात याहून लाजिरवाणी चूक नाही. नवशिक्या माणसाची चूक.

शिलाईच्या मशीन एकेक करून थांबल्या. प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलं होतं, झालं, डाग बोलला. आणि खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं. धाकटीचा चेहरा मी त्या दिवसाइतका पांढरा कधी बघितला नाही. स्कॅनच्या खोलीतही नाही.

मालक आले. त्यांनी एक बाही उचलली, दुसरी उचलली, दोन्ही एकावर एक ठेवल्या. "मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही उद्यापासून पॅकिंगला बसा. बसून काम आहे. पगार तोच."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "उद्या सकाळी बोलू का?"

"बोलू. पण पात्याला आता हात नको."

सगळे निघाले. ती टेबलाशीच थांबली, म्हणून मीही थांबले. ती टेबलाखाली वाकली आणि कतरणाचं पोतं ओढलं. थप्पीच्या कडेची कापलेली पट्टी अजून एकत्र चिकटलेली होती, थरांवर थर जसेच्या तसे. तिने ती खिडकीच्या उजेडात धरली आणि एकेक थर डोळ्यांनी उलगडत गेली. सुलट, सुलट, सुलट.

"जाऊबाई, हे मी पसरलेलं नाही," ती म्हणाली. "मी सकाळी आले तेव्हा थप्पी तयार होती."

दाराशी मावशी उभ्या होत्या. त्याही गेल्या नव्हत्या. पदर तोंडाला लावलेला.

"मास्तर, मीच पसरलं," त्या म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. "तुम्ही यायच्या आधी येऊन पसरून ठेवलं. एवढाले तागे उचलायचे, तुमच्या हातात जीव नाही म्हणतात... म्हटलं तुमचा भार हलका होईल. नेहमी तुम्ही पलीकडून कापड उलटवून देता, मी ओढते. एकटीने ओढत गेले आणि उलटवायचं ध्यानातच राहिलं नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "बघ! म्हणजे तुझी चूक नाहीच. सकाळी मालकांना सांगून टाकू."

धाकटीने मावशींना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मग तो कतरणाचा गठ्ठा डाव्या हातात घेतला, डोळे मिटले आणि कडेवरून बोटं फिरवली.

"रोज कापायच्या आधी मी असं करते," ती म्हणाली. "पसरताना कुणाचं लक्ष उडालं तर इथे कळतं. गुळगुळीत, खरखरीत, गुळगुळीत, खरखरीत. आजही केलं. आणि बोटं म्हणाली सगळं ठीक आहे." तिने डोळे उघडले. "पसरायची चूक मावशींची. पण पकडायचं काम माझं होतं. ते माझ्याकडून झालं नाही."

"अगं, पण असं सांगशील तर टेबल जाईल तुझं!"

"आणि नाही सांगितलं तर मावशींची नोकरी जाईल. शिवाय पुढच्या खेपेला पुन्हा हेच होईल, तेव्हा पसरलेलंही मीच असेन."

मला राग आला तिचा. कारण बरोबर बोलत होती.

सकाळी ती मालकांच्या खोलीत गेली, मलाही बरोबर नेलं. मावशी मागोमाग आल्या, नको म्हटलं तरी. धाकटीने सगळं सांगितलं, मावशींचं आणि स्वतःचंही.

मालक म्हणाले, "म्हणजे तुम्हीच सांगताय, हात काम करत नाही."

"हात काम करतो. बातमी देत नाही. ती बातमी मी आता डोळ्यांनी घेणार. टेबलाच्या कडेला खाली एक दिवा लावून द्या. थप्पीची कड त्या उजेडात दिसली की मी हात लावणार नाही, नुसती बघेन. मी बघितल्यावर मावशी बघतील. दोघींनी हो म्हटल्याशिवाय पातं चालू होणार नाही. आणि माझ्या मागे मला मदत कुणी करायची नाही. करायची तर मला सांगून."

"आणि उद्या डोळा गेला तर?"

मला वाटलं आता ही चिडते. ती चिडली नाही. "मग मी सांगेन, आज पातं नाही चालवत. करंट लागला तेव्हा मी सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं ना? तुम्हीच विश्वास ठेवला नव्हता."

मालकांना हसू आलं आणि ते त्यांना लपवता आलं नाही. "पण त्या डाव्या बाह्यांचं काय? कापड गेलं ना."

"कुठे गेलं? याच कोटांचा दुसरा निम्मा माल अजून कापायचाच आहे. तेवढे थर मी सगळे सुलट बाजू खाली ठेवून पसरते. सगळ्या उजव्या निघतील. डाव्यांना उजव्या मिळतील. शिवणाऱ्यांना एक दिवस खोळंबा, बाकी काही नाही."

मालकांनी ऑर्डरची वही उघडून उरलेला माल मोजला. शेवटी म्हणाले, "आज कापून दाखवा. मग बघू."

दिवा भाऊजींनीच येऊन लावला. जेवणाच्या आधी लागलासुद्धा. धाकटी आणि मावशी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि कापड पसरलं. प्रत्येक थराला दोघी तोंडाने म्हणायच्या, "सुलट खाली." "खाली." पसरून झाल्यावर धाकटी गुडघ्यांवर बसली, दिव्याच्या उजेडात कडेवरून नजर फिरवली. मग मावशींनी फिरवली. हातमोजा घातला. मालक खोलीच्या दारात उभे होते, आम्ही सगळ्या काम करतोय असं दाखवत होतो. पातं थप्पीत शिरलं. बाहीचा गोल वळताना तिची नजर पात्यावरून डाव्या हातावर, हातावरून पात्यावर जात होती. आधी ती असं कधी बघायची नाही. वेग कमी झाला होता, पण रेघ सुटली नाही.

बाह्या निघाल्या. पहिल्या रांगेतली बाई आली, एक उचलली, कालच्या डावीला लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जमलं हो लग्न!"

मालक आत गेले. पॅकिंगचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, पण मनातून तो गेला नव्हता हे आम्हाला ठाऊक होतं. ते दुसऱ्या स्कॅनची वाट बघत होते. आम्हीही.

दुसऱ्या स्कॅनमध्ये एक नवा डाग होता. लहानसा, पण नवा. डॉक्टरांनी तो बोटाने दाखवला आणि या खेपेला नाव आडपडदा न ठेवता घेतलं. एम. एस. आहे. मग त्या बराच वेळ बोलल्या. आता यावर औषधं आहेत. आजार मुळापासून जात नाही, पण असे नवे डाग पडणं कमी करता येतं. बरेच लोक वर्षानुवर्षं कामधंदा करतात. प्रत्येकाचा आजार वेगळ्या चालीने जातो, तुमचा कसा जाईल ते मी छातीठोक सांगणार नाही. औषध आजच ठरवू.

भाऊजी रुमालाने चष्मा पुसत राहिले. धाकटीने औषध कसं घ्यायचं, कधी घ्यायचं, काय खाल्लेलं चालतं, सगळं विचारलं. बाहेर आल्यावर बाकावर बसली आणि थोडं रडली. मी पाठीवर हात ठेवला. रडणं संपल्यावर नाक पुसून म्हणाली, "चला. इतके दिवस नुसतंच कुणीतरी दार वाजवत होतं. आता कळलं तरी कोण आहे." भाऊजींना म्हणाली, "उठा, तुम्ही काय माझ्याआधी आजारी पडताय का?"

दुसऱ्या दिवशी ती सरळ मालकांच्या खोलीत गेली. काचेतून मला दोघं दिसत होती. ती उभी राहूनच बोलली. मालकांनी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. मालकांनी मान हलवली, काहीतरी विचारलं, तिने हाताने टेबलाकडे दाखवलं. बाहेर आली तेव्हा मी काजाचं मशीन थांबवूनच बसले होते.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, टेबल तुमचंच. मीच एक अट घातली."

"तू घातलीस?"

"हो. सकाळी माझा डोळा चांगला असतो, तेव्हा मी कापणार. दुपारी उन्हं तापली की मावशी कापणार, मी त्यांना शिकवणार. कधी मला दवाखान्यात पडून राहायची वेळ आली तर टेबल बंद पडायला नको. नाहीतर ते बाहेरून कुणीतरी आणतील आणि मी परत येईपर्यंत तो तिथे मुळं धरून बसेल."

मावशींना हे कळलं तेव्हा त्या टेबलापासून चार पावलं मागे सरल्या. "छे छे! मी? त्या पात्याला? माझं सबंध आयुष्य कापड ओढण्यात गेलं!"

"म्हणूनच," धाकटी म्हणाली. "तुमच्याइतकं ते कापड कोण ओळखतं? मोजा घाला."

दुपारी मावशींनी मोजा घातला. तो त्यांना मोठा होत होता. धाकटीने टाकाऊ कापडाची पातळ थप्पी लावली, सरळ रेघ मारून दिली आणि स्वतः त्यांच्या मागे उभी राहिली. मावशींनी बटण दाबलं, घाबरून सोडलं, पुन्हा दाबलं. पातं थोडं सरळ गेलं, मग रेघ सोडून जे निघालं ते थप्पीच्या बाहेरच. इस्त्रीवाल्याने लांबून टाळ्या वाजवल्या.

"मास्तर, हे बघा काय केलं मी," मावशी रडकुंडीला आल्या. "माझ्याच्याने नाही व्हायचं."

"पहिल्यांदा मी तर टेबलच कापलं होतं. तो बघा कोपरा." धाकटीने वाकडा तुकडा बाजूला टाकला, नवी रेघ मारली. "पुन्हा दाबा. हळू. घाई कसली आहे? मी इथेच आहे."